मला न दाखवता लावा

मागच्या व्याख्यानानंतर एक मुलगी थांबली होती. जाहिरात संस्थेत कॉपीरायटर आहे, चौथं वर्ष. तिनं विचारलं, "सर, तुम्ही स्वातंत्र्यावर तासभर बोललात. आमच्याकडे एका ओळीला सात जणांचं अप्रूव्हल लागतं. याच्याबद्दल तत्त्वज्ञान काही म्हणतं का?"

मी कधी एजन्सीत काम केलेलं नाही, हे आधी कबूल करतो. पण अप्रूव्हल नावाच्या प्रकरणाशी माझाही चांगला परिचय आहे. त्याकडे नंतर येतो. आज एक उदाहरण घेऊ. तुम्हा सगळ्यांना माहीत असलेलं, रस्त्यावर दिसणारं. अमूल बटरची ती ठिपक्यांचा फ्रॉक घातलेली मुलगी.

१९६६ साली ही जाहिरात सिल्व्हेस्टर दाकुन्हा यांच्याकडे आली. चित्र युस्टेस फर्नांडिस यांनी काढलं. आणि गिऱ्हाईक कोण? आणंदचे व्हर्गीस कुरियन. जातीचा इंजिनिअर माणूस, जाहिरातवाला नव्हे. मुलीचं चित्र काढायला सोपं हवं आणि लक्षात राहणारं हवं, अशा त्यांच्या दोन अटी होत्या. या अटींमागचं कारण बघा. जाहिरात मुख्यतः होर्डिंगवर जाणार होती. त्या काळात होर्डिंग हातानं रंगवत. पेंटर शिडीवर चढून आठवड्या-आठवड्याला नवं चित्र काढणार, तर ते गुंतागुंतीचं असून कसं चालेल? म्हणजे काम प्रत्यक्षात कसं होतं, हे कुरियनना ठाऊक होतं. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

पुढे त्या मुलीनं ताज्या बातम्यांवर बोलायला सुरुवात केली. संप, क्रिकेट, निवडणूक, सिनेमा. आता अडचण लक्षात घ्या. बातमीवरचा विनोद हा ताज्या दुधासारखा असतो. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट बघायची, तो जमाना. प्रत्येक चित्र आधी आणंदला पाठवायचं, तिथे कोणीतरी "एक शब्द बदला" म्हणणार, ते परत मुंबईला येणार. तोवर संप मिटलेला! म्हणून कुरियन यांनी ठरवलं की मला दाखवू नका, लावून टाका. पैसे सहकारी संस्थेचे, म्हणजे पर्यायानं दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांचे. नाव अमूलचं. आणि मजकूर मात्र मालकानं तुमच्या-आमच्याबरोबरच रस्त्यावर वाचायचा.

लोक याला कुरियनांचा मोठेपणा म्हणतात. असेलही. मला तो त्याहून जास्त हिशेबी निर्णय वाटतो. स्ट्रॅटेजी हा शब्द हल्ली फार स्वस्त झालाय. कुठलीही यादी केली की तिला स्ट्रॅटेजी म्हणतात. इथे खरी होती: ताजेपणा हवा असेल तर ताबा सोडावा लागेल. दोन्ही मिळणार नाही. त्यांनी एक निवडलं आणि दुसऱ्यावर पाणी सोडलं.

आता तत्त्वज्ञानाकडे येतो. अ‍ॅनेट बायर या बाईंनी १९८६ साली विश्वासावर एक निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा माझ्या शब्दांत सांगतो. मी घड्याळावर अवलंबून असतो, पण घड्याळावर 'विश्वास टाकत' नाही. ते बंद पडलं तर चिडचिड होते, दगा दिला असं वाटत नाही. माणसावर विश्वास टाकतो तेव्हा मला मोलाची वाटणारी गोष्ट त्याच्या हातात देतो, आणि ती कशी सांभाळायची हे ठरवण्याची मुभाही त्यालाच देतो. म्हणजेच मला दुखवण्याची ताकद त्याला देतो. हे टाळून विश्वास होत नाही. सात सह्यांची पद्धत काय करते? तिला माणसाच्या बुद्धीचा फायदा तर हवा असतो, पण त्या बुद्धीनं आपल्याला कधी अडचणीत आणू नये, असंही वाटतं. मग माणसाचं घड्याळ होतं. आणि घड्याळाला विनोद सुचत नाही.

अडचणी आल्याच, बरं का. १९७६ साली, आणीबाणीत, सक्तीच्या नसबंदीवर या मंडळींनी कोटी केली. कधी करायची, तर तेव्हा! इंडियन एअरलाइन्सच्या संपावर लिहिलं, तर विमानात अमूल बटर ठेवणार नाही अशी धमकी आली. गणपतीत 'मोरया'वर श्लेष करून 'मोर घ्या' केलं, तेव्हा शिवसेनेकडून इशारा आला. काही जाहिराती उतरवाव्या लागल्या. पण "यापुढे आधी दाखवत जा" असा नियम त्यानंतर आला नाही, हे मला त्या जाहिरातींपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

कारण स्वातंत्र्य देणं सोपं असतं. "तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे" असं प्रत्येक साहेब पहिल्या दिवशी म्हणतो. होर्डिंगवर दगड येतो तेव्हा तोच साहेब म्हणतो, "मी तर हे पाहिलंच नव्हतं." ही मोकळीक नाही. हे माणसाला उघड्यावर सोडणं आहे, आणि माझ्या मते ते सात सह्यांपेक्षाही वाईट. सात सह्यांत निदान दोष वाटला तरी जातो.

माझी गोष्ट सांगतो. विभागप्रमुख असताना आमच्याकडे एक व्याख्यानमाला होती. एका विद्यार्थ्यानं पोस्टर केलं: रिकामी खुर्ची आणि खाली तारीख. बस. मला आवडलं होतं. तरी मी म्हणालो, विभागाचं नाव मोठं करा. मग प्राचार्यांचं घाला. मग बोधचिन्ह. मग प्रायोजकाचं नाव. शेवटी खुर्ची पोस्टाच्या तिकिटाएवढी उरली. पोस्टर छापून आलं ते पहिलं व्याख्यान झाल्यावर. तो पोरगा मला काही बोलला नाही. पुढच्या वर्षी त्यानं पोस्टर केलं नाही, एवढंच. मी कशाला घाबरत होतो, हे आजही मला नीट सांगता येत नाही. कोणी रागावणार नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्या मुलीच्या बाजूनं बोलायला हवी. अमूलचं काम राहुल दाकुन्हा, मनीष झवेरी आणि आपले चित्रकार जयंत राणे ही तीच तीन माणसं वर्षानुवर्षं करत आली. हिच्याकडे ब्रँड मॅनेजर दोन वर्षांत बदलतो, अकाउंट पिचमध्ये जातं, रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर "छोटासा बदल" येतो. विश्वास टाकायला समोर तोच माणूस टिकावा तर लागतो ना! त्यामुळे "तुझ्या साहेबाला कुरियनांचं उदाहरण सांग" हा सल्ला मी तिला देणार नाही. नोकरी जाईल.

तिला मी एवढंच सांगितलं. पुढच्या मुलाखतीत पगार, पद वगैरे विचारून झालं की अजून एक प्रश्न विचार: गेल्या वर्षी तुमची कुठली जाहिरात फसली, आणि ती करणारा माणूस आज कुठे बसतो? उत्तर देताना ते कोणाकडे बघतात, तेही बघ. ती हसली आणि म्हणाली, "सर, आमच्याकडे तो माणूस मीच आहे. अजून तिथेच बसते, पण आता माझ्या ओळीला आठ सह्या लागतात."