एक शनिवार-रविवार दोघांचाच!

"अहो, आपण दोघेच असे कधी कुठे गेलो?"

हा प्रश्न आमच्या आयुष्यमतींनी मला दिवाळीच्या सुट्टीत केला. मी बोटे मोजू लागलो. दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला जातो, पण तिथे आमच्या मंडळाचा पाणीवाटपाचा स्टॉल असतो. दोनदा नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो, तेव्हा सोबत चाळीस माणसे होती. बाकी मग लग्ने, बारशी, पुण्यानुमोदन. लग्नाला एकवीस वर्षे झाली आणि 'दोघेच' या सदरात आकडा शून्य! मी बी.कॉम. झालेला कारकून आहे. शून्य लपवता येत नाही हे मला शिकवलेले आहे.

त्यावर त्या शांतपणे जे म्हणाल्या ते जास्त लागले. "तुमचा रविवार मीटिंगचा. माझा रविवार तुमच्या मीटिंगला आलेल्यांच्या चहाचा." वाचकहो, मी हिंदू कोड बिलावर तीन जिल्ह्यांत भाषणे केली आहेत. त्या दिवशी मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते.

दोघांनीच जायचे ठरले. आपल्या वस्तीत या गोष्टीला काय म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको. "पोरांना टाकून?" "या वयात हनिमून का?" शेजारच्या काकूंनी तर पदर तोंडाला लावला. मला भीती आईची होती. ती म्हणाली, "जा की! मला काय झालंय? माझ्या गोळ्या तेवढ्या डबीत वेगळ्या करून ठेव." लेक बारावीला, मुलगा नववीत. दोन दिवसांचा स्वयंपाक लेकीच्या गळ्यात पडणार असे दिसताच आयुष्यमतींनी मुलाला कुकर लावायला शिकवले. वरणभात त्याने करायचा, लेकीने अभ्यास करायचा. माझ्या भाषणापेक्षा हे पुष्कळ बरे!

जायचे कुठे? लोणावळा-माथेरानला शनिवार-रविवारी गर्दी फार, आणि तिथल्या खोलीचे भाडे ऐकून तिकीट काढायच्या आधीच घाम येतो. आम्ही औरंगाबाद निवडले. शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, जुन्या माणसांच्या तोंडी मात्र अजून औरंगाबादच येते. कल्याणहून रात्रीची गाडी पकडली की पहाटे तिथे पोहोचता येते, म्हणजे एक रात्र खोलीभाड्याशिवाय निघते. शिवाय लहानपणापासून ज्या नागसेनवनाचे नाव ऐकले ते आमच्यापैकी एकानेही पाहिले नव्हते.

तिकिटाचे आधी सांगतो. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते. पूर्वी एकशे वीस होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून कमी झाले. आम्ही डिसेंबरात बसून फेब्रुवारीचे काढले. जाताना शुक्रवारी रात्रीची देवगिरी एक्सप्रेस, स्लीपर. येताना रविवारी दुपारची तपोवन एक्सप्रेस, बसायच्या डब्यात. ज्यांना पाच दिवसांचा आठवडा आहे त्यांना रजा लागत नाही. कारखान्यातल्या बांधवांची साप्ताहिक सुट्टी कुठल्याही वारी असते, त्यांनी एक किरकोळ रजा टाकावी. पण एक ध्यानात ठेवा, वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. एवढ्या लांब जाऊन फाटकाला हात लावून परतलेली माणसे मी पाहिली आहेत. १४ जानेवारी, म्हणजे नामविस्तार दिन, आणि १४ एप्रिल हे दिवसही दोघांच्या सहलीचे नव्हेत. त्या दिवशी जायचे तर चाळीस माणसांसोबतच जावे!

गाडी पहाटे चारच्या सुमारास पोहोचते. लगेच लॉज शोधायला धावू नये. कित्येक ठिकाणी खोलीचा दिवस दुपारी बारा ते बारा धरतात. पहाटे शिरलात तर दोन दिवसांचे भाडे लागू शकते. चोवीस तासांचा हिशेब ठेवणारे लॉजही असतात. फोनवर हे आधी विचारावे आणि समोरच्याचे नाव लिहून ठेवावे. आम्ही साडेसहापर्यंत वेटिंग रूममध्ये बसलो, घरून आणलेल्या चपात्या खाल्ल्या आणि मग बाहेर पडलो.

आणि इथे आमच्या नियोजनाला पहिला खड्डा लागला. फोन मी केला नव्हता. दहा हजारांचे व्हाउचर तपासणारा माणूस मी, आणि एक फोन केला नव्हता! काउंटरवरच्या माणसाने दोघांची आधार कार्डे मागितली. आयुष्यमतींच्या कार्डावर माहेरचे नाव आणि माहेरचा पत्ता आहे. आज बदलू, उद्या बदलू म्हणता म्हणता राहून गेले. "ह्या कोण तुमच्या?" त्याने विचारले. मी सांगितले. त्याने पुन्हा दोन्ही कार्डे वाचली, दोन्ही आडनावे वाचली, आणि म्हणाला, "रूम नाही." आडनाव वाचताना त्याचा चेहरा कसा झाला याबद्दल मी लिहिणार नाही, कारण जे शाबीत करता येत नाही ते मी लेखी देत नाही. कदाचित खरोखरच खोली नसेल. माझ्या आधी आयुष्यमतीच बोलल्या, "एकवीस वर्षं संसार केलाय. दाखला घरी आहे, माणूस समोर आहे. चला हो." पुढच्या गल्लीत दुसरे लॉज मिळाले. त्यांनी कार्डांच्या झेरॉक्स घेतल्या, किल्ली दिली, बादलीभर गरम पाणीही दिले.

तेव्हा माझ्या बंधू-भगिनींना हात जोडून सांगणे, दोघांचीही ओळखपत्रे सोबत ठेवा, नावे वेगवेगळी असतील तर लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स ठेवा, आणि रेल्वेचे पक्के तिकीट असेल तर स्टेशनवरची रिटायरिंग रूम मिळते का तेही पाहा. ती पीएनआर नंबरावर नोंदवता येते.

शनिवारी वेरूळच्या रस्त्याला लागलो. मध्यवर्ती बसस्थानकातून एसटी मिळते, आणि मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. कंडक्टरने एक पूर्ण आणि एक अर्धे फाडले तेव्हा आयुष्यमती म्हणाल्या, "आज मी स्वस्त पडले." वाटेत दौलताबादला उतरलो.

या किल्ल्याच्या दारात आपल्या माणसाने थोडे थांबावे. १९३४ साली बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांना घेऊन नाशिकहून बसने निघाले होते. तीही सहलच होती! वेरूळची बौद्ध लेणी पाहायची होती. बाहेरगावी अस्पृश्यांना प्रवासात काय काय भोगावे लागते ते ठाऊक असल्याने त्यांनी आपण कोण हे कोणाला न सांगता जायचे ठरवले होते. दौलताबादला पोहोचेपर्यंत सगळे धुळीने माखले. किल्ल्याच्या फाटकाजवळच्या हौदावर काहींनी हातपाय धुतले. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत आला, अस्पृश्यांनी हौद बाटवला म्हणून. जमाव जमला. अखेर किल्ला पाहू दिला तो एका हत्यारबंद शिपायाला सोबत देऊन, का तर यांनी आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून. बाबासाहेबांनी ही हकीगत 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवली आहे. आमच्याकडे बाटलीतले पाणी होते. आयुष्यमतींनी ते हातावर घेतले, तोंड धुतले आणि मग तिकीट काढले. सकाळच्या लॉजविषयी त्या तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, "आपण नाव तर नाही ना लपवलं."

किल्ला वरपर्यंत चढायचा हट्ट धरू नये. चांदमिनार, खंदक, अंधारी एवढे पाहिले तरी पायांना पुरते. आमच्या आयुष्यमतींचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही मिनाराच्या सावलीत पेरू खात बसलो. खाली येऊन वडापची जीप पकडली.

वेरूळला एकंदर चौतीस लेणी आहेत. पहिली बारा बौद्ध, पुढची सतरा हिंदू, शेवटची पाच जैन. माणसे फाटकातून थेट समोरच्या सोळाव्या, कैलास लेण्याकडे धावतात. धावू द्यावे. एका अखंड डोंगरातून वरून खाली कोरत आणलेले ते काम पाहण्यासारखेच आहे. पण आपण उजव्या हाताला वळून पहिल्या बारा लेण्यांपासून सुरुवात करावी, तिकडे गर्दी कमी असते. दहावे लेणे चैत्यगृह आहे. छताला दगडात लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत, म्हणून लोक त्याला सुताराची झोपडी म्हणत आले. आत स्तूपापुढे पाय खाली सोडून बसलेले बुद्ध. आम्ही दोघांनी हळू आवाजात त्रिशरण म्हटले. आवाज छताला लागून परत येत होता. बाराव्या लेण्याला तीन मजले आहेत.

मला मात्र सगळ्यात जास्त वेळ पाचव्या लेण्याने धरून ठेवले. लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि मधोमध जमिनीलगत दोन लांब दगडी बाक. भिक्खू तिथे ओळीने बसून पाठ म्हणत किंवा भोजन करीत असावेत, असे जाणकार सांगतात. इंग्रज अमदानीतल्या पुस्तकांत या लेण्याचे नाव नोंदले आहे 'महारवाडा'! आसपासच्या लोकांच्या तोंडी ते नाव होते. भिक्खूंचा विहार ओस पडला आणि त्याला नाव मिळाले आपल्या वाड्याचे. आयुष्यमती त्या बाकावर टेकल्या नाहीत, बाजूला उभ्या राहून नुसता हात फिरवला. सासू-सून, शाळा, गॅस यांतले काहीही त्या तासात आम्ही बोललो नाही. आमच्या घरात ही घटनाच आहे.

रात्री शहरात नानखलिया मिळतो असे ऐकले होते, तो खाल्ला. तंदूरची मऊ नान आणि पातळ रश्श्यातले मटण. दुसऱ्याच्या हातचे गरम जेवण बसून खाताना त्या दोनदा उठायला निघाल्या, भांडी उचलायला!

रविवारी सकाळी रिक्षा ठरवली. औरंगाबाद लेण्यांकडे जाताना येण्या-जाण्याची आणि थांबण्याची रिक्षा आधीच ठरवून घ्यावी, तिथून परतीला वाहन मिळेलच असे नाही. विद्यापीठामागच्या डोंगरात ही लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या नावापुढे लोक यांना विसरतात; आम्ही गेलो तेव्हा आमच्याखेरीज पाच-सहा कॉलेजची मुलेच होती. तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीपुढे हात जोडून गुडघ्यांवर बसलेले उपासक-उपासिका कोरले आहेत, माणसाएवढे मोठे. केसांची ठेवण, दागिने, सगळे स्पष्ट दिसते. आयुष्यमतींनी ते फार वेळ पाहिले. "ह्यांनाही कुणी घरून सोडलं असेल," त्या म्हणाल्या.

येताना नागसेनवन. मिलिंद महाविद्यालय १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सुरू केले, तेही निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात, जिथे आपल्या मुलांना शाळा दुर्मिळ होती. रविवार म्हणून वर्ग बंद होते. झाडाखालून चालत हिंडलो. लेकीला फोन लावून दिला. ती म्हणाली, भात करपला, पण आजीला आवडला.

बिबी का मकबरा धावत पाहिला. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू हिची ही कबर. ताजमहालाची आठवण करून देते, पण संगमरवर थोडा आणि गिलावा जास्त; कारकुनाच्या नजरेला हा बजेटचा प्रश्न ताबडतोब कळतो. पाणचक्की राहिली. भडकल गेट मात्र रिक्षातून पाहिले, समोर बाबासाहेबांचा पुतळा आहे. ते गेट बांधणारा मलिक अंबर हा आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. त्याने १६१० साली हे शहर वसवले, नहर काढून घरोघर पाणी नेले. अजिंठा या दोन दिवसांत बसवू नये. तो शहरापासून शंभर किलोमीटर आहे, त्याला वेगळा दिवस लागतो.

आता जमाखर्च. रेल्वे दोघांची जाऊन-येऊन ८०० रुपये, लॉज ११००, एसटी आणि जीप २६०, चार ठिकाणची प्रवेश तिकिटे मिळून २३०, रविवारची रिक्षा ६००, जेवण आणि चहा १०५०, आईसाठी शाल ४५०. एकूण ४४९०, गोल आकड्यांत. जमा ५०००. त्यांत दोन हजार माझे आणि तीन हजार आयुष्यमतींच्या भिशीचे. हे मी मुद्दाम लिहितो, कारण वस्तीत मी बायकोला फिरवून आणले असे सांगितले जाते.

तपोवनमध्ये खिडकीजवळ त्यांना बसवले. मनमाडच्या पुढे त्यांनी उरलेले पाचशे दहा रुपये माझ्याकडून मागून घेतले आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवले.

"अजिंठा कुठल्या वारी बंद असतो?" त्यांनी विचारले.

"सोमवारी."

"मग शुक्रवारचीच गाडी बघा," म्हणून त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या.