साथीच्या काळातील घटना-नोंदी : काही गैरसमज

औषधाची मात्रा चुकली, श्वासनळीत घातलेली नळी निसटली, रुग्ण खाटेवरून पडला, अथवा यांपैकी काही घडता घडता टळले, तर ज्याच्या दृष्टीस ते पडले त्या कर्मचाऱ्याने ते ठरावीक नमुन्यात लिहून द्यावे, हा शिरस्ता अनेक रुग्णालयांत आता रूढ आहे. तथापि करोनाच्या साथीत या शिरस्त्याविषयी जे समज बळावले, ते रुग्णांच्या दृष्टीने इतके घातक होते, की पुढील साथ येण्यापूर्वीच त्यांचे निरसन होणे मला अत्यंत अगत्याचे वाटते.

खाटा भरलेल्या, माणसे अपुरी, प्राणवायूची विवंचना, अशा वेळी ‘इन्सिडेंट फॉर्म’ भरत बसण्यास सवड कोणाला, हा त्यांतील पहिला आणि वरकरणी सर्वांत सयुक्तिक वाटणारा समज. वस्तुतः नेहमीचा क्रम मोडतो, अन्य खात्यांतून आणलेली माणसे अतिदक्षता विभागात उभी राहतात, आणि कालपर्यंत न हाताळलेले यंत्र आज हाती येते, तेव्हाच नव्या प्रकारच्या चुका जन्मास येतात व त्यांची वार्ता सर्वांत आधी कळणे आवश्यक होते. इन्सुलिनचेच पाहा. प्राणवायूवर असलेल्या रुग्णांतील मृत्यू डेक्सामेथासोनमुळे घटतात, असे ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये दाखवले आणि ते औषध सर्वत्र दिले जाऊ लागले. परंतु त्याने रक्तातील साखर चढते, म्हणून ज्या वॉर्डात इन्सुलिन क्वचित लागे तेथे ते वारंवार टोचावे लागले. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या दोन तीव्रतेच्या मिळतात : मिलिलिटरला ४० युनिटांची आणि १०० युनिटांची. त्यांच्या सिरिंजही निरनिराळ्या. पहिलीचे टोपण लाल, दुसरीचे नारिंगी. १०० च्या कुपीतील औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर रुग्णाच्या अंगात २० नव्हे, ५० युनिटे जातात. पीपीई किटमध्ये घामाने निथळणाऱ्या, डोळ्यांवरील चष्म्यात वाफ धरलेल्या, दुहेरी हातमोजे चढवलेल्या परिचारिकेच्या हातून रात्रपाळीत ही गल्लत व्हावी, यात नवल कसले? शेजारच्या सिस्टरने ती वेळीच ओळखली, रुग्ण बचावला आणि कोणी काही लिहिले नाही, तर त्याच फ्रीजच्या त्याच खणात दोन्ही कुप्या जवळजवळ तशाच राहतात. तीन ओळींची नोंद झाली, तर दुसऱ्या दिवशी त्यांपैकी एक प्रकार त्या वॉर्डातून काढून घेता येतो. एवढ्या लाभासाठी पाच मिनिटे खर्ची पडली, तर तो वेळ शुश्रूषेतच गेला असे मी मानतो.

नोंद म्हणजे कबुलीजबाब, आणि दुसऱ्याविषयीची नोंद म्हणजे त्याच्यावर फिर्याद, हा दुसरा समज अधिक खोल रुजलेला आहे. कसूर कोणाची हे ठरवणे खातेनिहाय चौकशीचे काम. बुद्धिपुरस्सर केलेली इजा किंवा नशेत केलेले काम तिच्याकडेच गेले पाहिजे. घटना-नोंदीने विचारायचे ते निराळे : त्या जागी दुसरा प्रामाणिक माणूस असता, तर त्याच्या हातूनही हेच घडले असते काय? डेन्मार्कने २००४ पासून अमलात आणलेल्या कायद्याने अशी नोंद करणे कर्मचाऱ्यांवर बंधनकारक केले आणि केवळ त्या नोंदीवरून त्यांच्यावर कारवाई होऊ नये अशी तजवीजही केली. आपल्याकडेही औषधांच्या दुष्परिणामांची माहिती २०१० पासून राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाखाली जमा होते, आणि माहिती देणे म्हणजे दोष मान्य करणे नव्हे, असे त्या नमुन्यातच नमूद असते. मात्र रुग्णालयातील सर्व प्रकारच्या घटना-नोंदींना असे कवच देणारा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही; म्हणून परिचारिकेच्या मनातील भय मी भ्याडपणा समजत नाही. ते दूर करण्याची जबाबदारी तिची नसून अधीक्षकाची आणि शासनाची आहे.

ज्या रुग्णालयाच्या नोंदी कमी ते सुरक्षित, हा समज त्या भयाचेच अपत्य होय. इंग्लंडमध्ये २००३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नोंदव्यवस्थेकडे साथीपूर्वी वर्षाला वीस लाखांहून अधिक नोंदी येत आणि त्यांपैकी बहुसंख्य घटनांत रुग्णाला कोणतीच इजा झालेली नसे. २०२० च्या वसंतात ही आवक घटली. नियोजित शस्त्रक्रिया स्थगित होऊन रुग्णसंख्याच उतरली होती, हे त्याचे एक कारण खरे. परंतु त्या घटीवरून रुग्णालये अधिक निर्धोक झाली असा निष्कर्ष काढण्यास कोणी धजावू नये.

मोठ्या दुर्घटनांचा बोभाटा होतोच, त्यांची चौकशीही होते, मग निराळ्या नोंदी कशाला, असेही म्हटले जाते. २०२१ हे एकच वर्ष आठवा. ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशूंच्या कक्षात आग लागून १० बालके दगावली; २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीस गळती लागून पुरवठ्याचा दाब खालावला आणि त्या दिवशी २२ रुग्ण प्राणास मुकले; दोनच दिवसांनी विरारच्या एका रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला; ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पुन्हा आग. पंचनामे झाले, समित्या नेमल्या गेल्या, आणि ते आवश्यकच होते. परंतु पंचनामा मृत्यूनंतर येतो. तापलेला प्लग, वारंवार उडणारा फ्यूज, दाबमापकाचा काटा क्षणभर खाली येऊन पुन्हा स्थिर होणे, यांचा पंचनामा कोणी करत नाही. ही क्षुल्लक भासणारी चिन्हे ड्युटीवरच्या वॉर्डबॉयला वा तंत्रज्ञालाच दिसतात आणि नोंदवहीखेरीज त्यांना अन्यत्र स्थान नसते. शिवाय एका जिल्ह्यात उमगलेली गोष्ट दुसऱ्या जिल्ह्याच्या दप्तरी पोहोचवण्याचे काम चौकशी समितीच्या कार्यकक्षेत सहसा येत नाही.

लसीकरणानंतरच्या तक्रारींची नोंद म्हणजे लसीविरुद्धचा पुरावा, हा समज थोडक्यात आटोपता येईल. नोंद केवळ कालक्रम सांगते. कार्यकारणभाव तज्ज्ञांची समिती मागाहून तपासते. मार्च २०२१ मध्ये युरोपातील अनेक देशांनी ॲस्ट्राझेनेकाच्या लसीनंतरच्या विरळ रक्तगुठळ्यांची दखल घेतली, ती अशाच सुट्या सुट्या नोंदींमुळे.

राहता राहिला तो समज म्हणजे नोंद करणे हा डॉक्टर-परिचारिकांचाच अधिकार. साथीत नातलगांना वॉर्डाबाहेर ठेवावे लागले आणि सलाईन संपत आले हे सांगणारे, कालची गोळी निराळ्या रंगाची होती हे ध्यानात ठेवणारे डोळे रुग्णालयाने गमावले. अशा वेळी रुग्णाने दूरध्वनीवरून घरी सांगितलेली बारीकशी गोष्टही इन्चार्ज सिस्टरपर्यंत जावी व नोंदली जावी, याची सोय रुग्णालयाने करावयास हवी. आणि औषधाने काही अपाय झाल्याची शंका असेल, तर रुग्ण किंवा त्याचा आप्त स्वतःही औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर ती कळवू शकतो.