चाकांवरचे घर आणि जयणा

श्वेतांबर परंपरेत भगवान ऋषभदेवांच्या पूर्वभवांची कथा धन सार्थवाहापासून सुरू होते. क्षितिप्रतिष्ठित नगरातील या श्रेष्ठीने वसंतपूरला निघताना नगरात दवंडी पिटवली, की ज्याला यायचे असेल त्याने सोबत यावे. पात्र, वाहन, शिधा यांपैकी जे उणे असेल ते सार्थ पुरवील. आचार्य धर्मघोष आपल्या शिष्यांसह त्या तांड्याबरोबर निघाले. वाटेत पावसाळा लागला, अरण्यात गाड्या चिखलात रुतल्या, शिधा संपत आला. तेव्हा सार्थवाहाला आठवले, की सोबतच्या मुनींची आपण विचारपूसही केलेली नाही. पश्चात्तापदग्ध होऊन त्याने मुनींना तूप वहोरावले व तेथेच त्याला सम्यक्त्वाचे बीज लाभले, असे आचार्य हेमचंद्रांच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’त वर्णिले आहे.

‘कॅराव्हॅन’ हा शब्द मूळचा फारसी ‘कारवाँ’, म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. आज तो चाकांवरच्या घराला लावला जातो. केवळ आनंदासाठी बांधलेले असे पहिले घर म्हणून १८८५ साली तयार झालेल्या ‘द वाँडरर’ या घोडागाडीचे नाव घेतले जाते. ती विल्यम गॉर्डन स्टेबल्स या ब्रिटिश नौदलातील माजी शल्यचिकित्सकाने करवून घेतली होती. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. व्यापारी कुटुंबांना या वाहनाचे विशेष आकर्षण वाटणे साहजिक आहे. स्वतःचे स्वयंपाकघर सोबत असले की कंदमुळांचा प्रश्न उरत नाही, पाणी गाळून व उकळून घेता येते, सूर्यास्तापूर्वीचे जेवण हॉटेलच्या वेळेवर अवलंबून राहत नाही.

परंतु सार्थ काढणाऱ्यावर सोबतच्यांचा भार असतो, ही धन सार्थवाहाच्या कथेतील गोष्ट येथेही लागू आहे. मोटारीमागे जोडलेला ट्रेलर ही स्वतंत्र वजनाची, स्वतंत्र चाकांची आणि स्वतंत्र खोडींची वस्तू आहे. पुणे-साताऱ्याकडचे कुटुंब गुहागर तालुक्यातील वेळणेश्वरला निघाले, तर कराड-पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तेथून गुहागरच्या दिशेने व शेवटी जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून जाणारा अरुंद उताराचा रस्ता, असा प्रवास घडतो. नव्या मालकाची प्रत्येक उणीव या एका वाटेवर उघडी पडू शकते. त्यासाठी मुनिधर्मातील पाच समिती गृहस्थालाही उत्तम मार्गदर्शक ठरतात.

आधी परिग्रहाचे परिमाण

समितींपूर्वी एक अणुव्रत आठवावे. ट्रेलरच्या पाटीवर कमाल वजन कोरलेले असते. तेच त्याचे परिग्रह-परिमाण. समजा रिकाम्या ट्रेलरचे वजन १,००० किलो व परवानगी १,३०० किलोची आहे. पाण्याची टाकी ८० लिटरची असेल तर ८० किलो तेथेच गेले. बॅटरीचे ३० व लहान सिलिंडर-शेगडीचे २० किलो धरले, की अंथरूण, भांडी, धान्य, कपडे आणि मुलांची खेळणी यांसाठी उरतात केवळ १७० किलो. अंदाजावर न विसंबता भरलेला ट्रेलर एकदा वजनकाट्यावर नेणे व्यापाऱ्याच्या घरात तरी अवघड नसावे.

वजन किती याइतकेच ते कोठे, हेही महत्त्वाचे आहे. जड वस्तू खाली, आसाच्या वर किंवा किंचित पुढे ठेवाव्यात. मागील टोकाला भार वाढला, तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा डुलू लागतो. जोडणीच्या हुकावर पडणारा भार किती असावा याचे प्रमाण अमेरिकी ट्रेलरांत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के, तर युरोपीय धाटणीच्या हलक्या ट्रेलरांत ५ ते ७ टक्के मानले जाते. मोटारीच्या पुस्तिकेत हुकाची मर्यादा याहून कमी दिली असेल, तर तीच पाळावी. मोटारीला हुक बसवणे हा वाहनातील बदल आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा विचार करून परिवहन कार्यालयाकडून आणि विमा कंपनीकडून आधी लेखी खुलासा घ्यावा. ट्रेलरची नोंदणी व विमा यांचीही चौकशी खरेदीपूर्वीच करावी.

ईर्या समिती : चालताना

निघण्यापूर्वी जोडणीची कडी बसली आहे का, सुरक्षा-साखळ्या जोडणीखालून एकमेकींना छेदून अडकवल्या आहेत का, ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक लावणारी तार मोटारीच्या पक्क्या भागाला बांधली आहे का, मागचे सर्व दिवे लागतात का, हे पाहावे. चाकांचे नट नवीन ट्रेलरमध्ये किंवा चाक काढून बसवल्यावर पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्यावेत. टायरमधील हवा प्रवासापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात. वर्षातून दोनदाच फिरणाऱ्या ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, पण उन्हाने व वयाने भेगाळतात. नक्षी नवी दिसली तरी पाच-सहा वर्षांनंतर ते बदलणे हिताचे.

घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा. ब्रेकवर सतत पाय ठेवल्यास ते तापून निकामी होतात आणि मागचे वजन मोटारीला ढकलत राहते. ट्रेलर डुलू लागल्यास जोराने ब्रेक मारू नये, स्टिअरिंग उलटसुलट वळवू नये. ते सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावा. घाट उतरल्यावर थांबून प्रत्येक चाकाच्या मध्यभागाजवळ हात न्यावा. एकच चाक इतरांहून फार गरम असेल, तर बेअरिंग किंवा ब्रेक दुखावला आहे. आणि कितीही हट्ट झाला तरी धावत्या ट्रेलरमध्ये मूल किंवा आजी-आजोबा, कोणीही बसू नये. तेथे ना पट्टा असतो, ना टक्कर सोसणारी भिंत.

भाषा समिती : मागे घेताना

बहुतेक लहान अपघात मुक्कामी, ट्रेलर मागे घेताना होतात. चौघे चार बाजूंनी ओरडतात व चालक गोंधळतो. सूचना एकानेच द्यावी, खुणा आधी ठरवाव्यात आणि खूण करणारा आरशात दिसेनासा झाला की चालकाने तत्काळ थांबावे. त्या वेळी मुलांचा हात दुसऱ्या मोठ्या माणसाने धरलेला असावा.

वेळणेश्वरला पोहोचणे सूर्यास्तापूर्वी साधावे. चौविहाराचा नियम येथे सुरक्षिततेचाही नियम ठरतो. उजेडात जमिनीचा उतार, विजेच्या तारा आणि माडांची झावळी दिसतात. माडाखाली ट्रेलर कधीही उभा करू नये. नारळ पडला तर छत फुटते, माणूस असेल तर जीव जातो. वाळूवर वाहन नेण्याचा मोह टाळावा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती नेहमीपेक्षा बरीच वर येते आणि ओल्या वाळूत रुतलेला ट्रेलर भरतीपूर्वी निघेलच असे नाही. महाशिवरात्रीला वेळणेश्वराच्या दर्शनास गर्दी असते. त्या दिवसांत मोठे वाहन गावात नेऊ नये. येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. तेथे किंवा अन्यत्र ट्रेलर उभा करण्यास जागा, वीज व पाणी मिळेल का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

एषणा समिती : अन्न, अग्नी, पाणी

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, म्हणून ट्रेलरच्या तळाशी हवेची जाळी हवी व ती कधीही बुजवू नये. सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत, काडी पेटवून कदापि नाही. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर अक्षर व वर्ष असते : ए म्हणजे मार्च, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. ‘डी २७’ लिहिलेल्या सिलिंडरची चाचणी डिसेंबर २०२७ पर्यंत व्हावयास हवी. रबरी नळीवरील मुदतही पाहावी. चालत्या वाहनात, तसेच दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर चढण्यापूर्वी, सिलिंडर बंद असावा.

बंद दारांत शेगडीवर ऊब घेणे प्राणघातक आहे. अर्धवट ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस जागाच होत नाही. जनरेटर खिडकीपासून दूर ठेवावा. धूर व या वायूची सूचना देणारी यंत्रे आणि दाराजवळ अग्निशामक, ही खरेदी पडद्यांच्या आधी करावी. बाहेरून वीज घेताना अर्थिंग तपासावे व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. गुंडाळलेली वायर भार वाढला की तापते, म्हणून ती पूर्ण उलगडावी.

पेटवण्यापूर्वी शेगडीचे बर्नर व हवेच्या जाळ्या पाहाव्यात. गांधीलमाश्या व कोळी तेथे घर करतात. पाहणी न करता काडी ओढली, तर जीवहिंसा घडते आणि कोंडलेल्या ज्योतीने अपघातही होतो.

आदान-निक्षेपण आणि उत्सर्ग

वस्तू उचलताना-ठेवताना पाहणे, ही चौथी समिती. निघताना कपाटांच्या कड्या, खिडक्या, पायरी, टेकू व बाहेरची वायर यांची लेखी यादी मोठ्याने वाचून तपासावी. स्मरणावर विसंबू नये.

पाचवी समिती विसर्जनाची. भांड्यांचे व शौचाचे पाणी वाळूत, ओढ्यात किंवा माडाच्या आळ्यात सोडू नये. टाकीत साठवून योग्य जागीच रिकामे करावे. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. अंड्यांतून निघालेली पिल्ले समुद्रावरील उजेडाच्या दिशेने चालतात व कृत्रिम दिव्यांनी वाट चुकतात. म्हणून किनाऱ्याजवळच्या मुक्कामात समुद्राच्या बाजूचे दिवे रात्री मालवावेत. ही जीवदया एका बटनाची आहे.

चातुर्मासाची विश्रांती

पावसाळ्यात साधू-साध्वी विहार थांबवतात. ट्रेलरनेही तेच करावे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि ट्रेलरचा खरा शत्रू पाणीच आहे. छताच्या सांध्यांवरील सीलंट दर तीन महिन्यांनी पाहावे. कुबट वास, फुगलेले प्लायवूड, पायाखाली मऊ लागणारी जमीन, ही गळतीची पहिली लक्षणे होत. समुद्राहून परतल्यावर खालचा सांगाडा, आस व जोडणी गोड्या पाण्याने धुवावी. खारे वारे लोखंड मुकाट्याने खातात. बेअरिंगमधील ग्रीस वर्षातून एकदा बदलून घ्यावे.

आषाढापूर्वी टाक्या रिकाम्या कराव्यात, सिलिंडर उतरवावा, बॅटरी काढून महिन्यातून एकदा चार्ज करावी, कपाटे उघडी व कोरडी ठेवावीत. कीटकनाशकाऐवजी धान्याचा कण न कण झाडून कडुनिंबाचा पाला ठेवावा. अन्न नसेल तर जीव येत नाहीत आणि मारण्याची वेळही येत नाही.

साधू-साध्वी आपल्या वस्त्र-पात्रांचे प्रतिलेखन रोज सकाळ-संध्याकाळ करतात. वस्तू काल निर्दोष होती, एवढ्यावर ते थांबत नाहीत. चाकांवरच्या घराच्या धन्याने निघण्यापूर्वी व पोहोचल्यावर अशी पंधरा मिनिटे दिली, तर त्याच्या भरवशावर निजलेली माणसे सुखरूप राहतील.