बालवाडीप्रवेशाची सिद्धता

घराबाहेर, मातापित्यांपासून दूर, प्रारंभी अपरिचित असलेल्या प्रौढाच्या देखरेखीखाली व समवयस्कांच्या समूहात दररोज काही तास समाधानाने घालविता येतील, इतका बालकाचा शारीरिक, भावनिक, सामाजिक आणि भाषिक विकास झाल्याची अवस्था. ही अवस्था सर्वसाधारणपणे तीन ते चार वर्षांच्या दरम्यान येते; मात्र एकाच आठवड्यात जन्मलेल्या दोन बालकांतही तिच्या बाबतीत कित्येक महिन्यांचे अंतर आढळते. अक्षरओळख, अंकपठण किंवा पाहुण्यांसमोर कविता म्हणून दाखविणे यांच्याशी तिचा फारसा संबंध नाही. घरी शंभरपर्यंत अंक म्हणणारे मूल बालवाडीच्या दारात आईचा पदर सोडत नाही आणि एकही अक्षर न येणारे मूल पहिल्याच दिवशी वाळूत रमते, हा बालवाडी चालविणाऱ्यांचा नित्याचा अनुभव होय.

शिक्षणारंभाचे वय पूर्वी रूढीने ठरे. हिंदू कुटुंबांत विद्यारंभ बहुधा पाचव्या वर्षी, पुष्कळदा विजयादशमीच्या मुहूर्तावर होई. मुस्लिम कुटुंबांत चार वर्षे, चार महिने व चार दिवस पूर्ण झाले, की बिस्मिल्लाचा विधी करीत. खेड्यातील प्राथमिक शाळेत जन्माची नोंद सहसा नसे. मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावण्यास सांगत. बोटे कानाला टेकली, की पटावर नाव चढे आणि जन्मतारीख बहुधा १ जून अशी लिहिली जाई. या कसोटीला शरीरवाढीचा आधार आहे. जन्मतः डोके शरीराच्या लांबीच्या सुमारे एकचतुर्थांश असते. पुढे हातपाय डोक्यापेक्षा वेगाने वाढतात आणि सुमारे सहाव्या वर्षी हात पलीकडच्या कानापर्यंत पोहोचतो. ती ढोबळ होती व पहिलीच्या प्रवेशापुरतीच होती. तथापि तीत कागदाऐवजी प्रत्यक्ष मुलाकडे पाहिले जाई, हा तिचा गुण मान्य करावा लागतो.

महाराष्ट्रात २०२० च्या शासकीय आदेशाने त्या त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षे पूर्ण करणाऱ्या बालकास शिशुवर्गात व सहा वर्षे पूर्ण करणाऱ्यास पहिलीत प्रवेश देता येईल, असे ठरविण्यात आले. याचा व्यवहारातील अर्थ पालक क्वचितच लक्षात घेतात. जूनच्या मध्यास वर्ग सुरू होताना त्यातील सर्वांत लहान बालक जेमतेम अडीच वर्षांचे आणि सर्वांत मोठे जवळजवळ साडेतीन वर्षांचे असू शकते. हे एका वर्षाचे अंतर लहान बालकाच्या एकूण आयुष्याच्या सुमारे दोनपंचमांश भरते. वर्गातील वयाने लहान मुलांना चंचल किंवा मंद ठरविले जाण्याचा धोका अधिक असतो, असे अनेक देशांतील पाहण्यांत दिसून आले आहे. त्यांच्यात दोष नसतो, तर वयच कमी असते. शासकीय मर्यादा ही परवानगी आहे, सक्ती नव्हे. सक्तीचे शिक्षण सहा वर्षांपासून सुरू होते.

लक्षणे : अर्नल्ड गेझेल (१८८०–१९६१) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने परिपक्वतेवर भर दिला, फळ पिकण्याची वाट पाहावी, तशी बालकाच्या वाढीची वाट पाहावी, अशी त्याची भूमिका होती. लेव्ह व्हिगोट्‌स्की (१८९६–१९३४) या रशियन मानसशास्त्रज्ञाच्या मते मात्र जाणत्याच्या मदतीने मूल आज जे करू शकते, ते त्याचे उद्याचे सामर्थ्य होय. बालवाडीच्या संदर्भात दोन्ही दृष्टी उपयोगी पडतात, पण दुसरी अधिक. मदत मिळाल्यावर मूल जे करू लागते, त्यासाठी ते सिद्धच आहे असे समजावे.

वियोगाची भीती पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात दिसू लागते, सुमारे दीड वर्षापर्यंत तीव्र असते आणि तिसऱ्या वर्षात ओसरू लागते. आई दृष्टीआड गेली तरी ती परत येते, ही खात्री पटणे हा बालवाडीप्रवेशाचा खरा पाया होय. आजी किंवा शेजारीण यांच्याजवळ मूल दोनतीन तास राहत असेल, तर ती खात्री बनू लागली आहे. तहान, भूक, शी-शू आणि दुखणे ही गरज शब्दांनी वा खुणेने परक्या माणसाला कळविता येणे हे दुसरे लक्षण. सर्व उच्चार स्पष्ट असण्याची आवश्यकता नाही. दिवसा कपडे कोरडे राहणे बहुतेक बालकांना दोन ते साडेतीन वर्षांच्या दरम्यान साधते. अधूनमधून होणाऱ्या चुकीमुळे प्रवेश नाकारणे अनुचित होय. दोन वर्षांची मुले शेजारी बसून स्वतंत्रपणे खेळतात. एकत्र खेळ पुढे येतो. म्हणून खेळणे वाटून न घेणे हे असिद्धतेचे लक्षण मानू नये.

लेखनाची घाई विशेष हानिकारक ठरते. मनगटातील आठ लहान अस्थींपैकी सुमारे निम्म्या अस्थींचे अस्थीभवन तिसऱ्या वर्षी सुरूही झालेले नसते. माती मळणे, मणी ओवणे, पाणी ओतणे यांनी हाताची जी तयारी होते, ती पेन्सिल हाती देऊन होत नाही.

असिद्धता वाटणारी गोष्ट कधीकधी आजार असते. वारंवार कान फुटणाऱ्या मुलाला कमी ऐकू येते व ते हाकेला ओ देत नाही. रक्तक्षय झालेले मूल कोपऱ्यात बसून राहते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३) अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे. मूल लहान आहे असे म्हणून थांबण्यापूर्वी ही तपासणी करून घेणे अगत्याचे ठरते.

शाळेची सिद्धता : प्रश्नाची दुसरी बाजू म्हणजे शाळा बालकासाठी सिद्ध आहे काय, ही होय. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांच्यासमवेत भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम केले. पुढे तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ मध्ये ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुले सिद्ध नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील (२ ऑक्टोबर १९७५) अंगणवाडीचे नावही हीच कल्पना सांगते. याउलट शहरांत मुलाखतींची प्रथा बोकाळली. यशपाल समितीने १९९३ मध्ये बालवाडीप्रवेशासाठीच्या चाचण्या व मुलाखती बंद करण्याची शिफारस केली. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाने शाळाप्रवेशासाठी बालकाची वा पालकांची चाळणी करण्यास मनाई केली.

मराठवाड्यात ही बाजू अधिक ठळकपणे जाणवते. नांदेड जिल्ह्यातील मुदखेड तालुका फुलशेतीसाठी प्रसिद्ध आहे. काकड्याच्या कळ्या पहाटे तोडाव्या लागतात; अशा वेळी मजूर आईच्या मागे धाकटे मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर येते. त्या मुलास घरी राखायचे की अंगणवाडीत धाडायचे, या निर्णयावर थोरलीची शाळाही अवलंबून असते. तीन वर्षांच्या आतील मुलाला शिक्षणाची नव्हे, तर प्रेमळ सांभाळाची गरज असते. पाळणाघराअभावी ती गरज अंगणवाडीवर येऊन पडते आणि अडीच वर्षांचे मूल चार वर्षांच्या मुलांत बसते. तेव्हा त्याच्याकडून गाण्याची वा ओळीत बसण्याची अपेक्षा न ठेवणे इतके तरी सेविकेच्या हाती असते.

भाषेची अडचणही येथे मोठी आहे. घरात दखनी उर्दू, तांड्यावर गोरमाटी, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आणि लातूरच्या उदगीर-निलंगा भागात कन्नड बोलणारी मुले मराठी बालवाडीत येतात. त्यांचे पहिल्या आठवड्यांतील मौन म्हणजे अपरिपक्वता नव्हे; नवी भाषा कानात साठविण्याचा तो काळ असतो. सेविकेला त्या भाषेतले पाणी, आई, भूक यांसाठीचे शब्द येत असले, तरी पुष्कळ काम भागते.

रुळण्याची पद्धती : पहिले काही दिवस आईने किंवा आजीने जवळ बसावे, तासाभराने मुलाला घरी न्यावे व हळूहळू वेळ वाढवावा. निघताना सांगून निघावे. नकळत सटकल्याने रडणे त्या दिवसापुरते टळते, पण विश्वास उडतो. निरोपाच्या वेळी रडून थोड्या वेळाने खेळू लागणारे मूल सिद्ध असते. तीनचार आठवड्यांनंतरही ते खात-पीत नसेल, रात्री दचकून उठत असेल किंवा सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परतली असेल, तर दोनतीन महिने थांबण्याने त्याचे काहीही नुकसान होत नाही.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी जाणाऱ्या कुटुंबांतील बालकांना हे रुळणे वारंवार करावे लागते. जूनमध्ये सुरू झालेली अंगणवाडी दिवाळीच्या सुमारास सुटते, पुढील काही महिने फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मूल गावी परतते, तेव्हा ओळखीची ताईही त्याला परकी वाटते. अशा बालकाचे नाव पटावर जुने असले, तरी त्याच्या आईला पुन्हा काही दिवस वर्गात बसू द्यावे लागते.

[⟶ अंगणवाडी, पूर्वप्राथमिक शिक्षण, बालविकास]