यान, रस्ता आणि दरी

एस्टोनिया सोव्हिएत संघात असतानाच्या शेवटच्या दिवसांत आहती हाइनला, प्रिट कासेसालू आणि यान ताल्लिन या तीन तरुण मित्रांनी ‘कॉस्मोनॉट’ नावाचा कॉम्प्युटर गेम लिहिला. (यान हे खरोखरच त्याचं नाव, मराठी वाचकाला गंमत वाटेल इतकं चपखल.) परदेशात विकला गेलेला तो पहिला एस्टोनियन गेम.

1991 मध्ये देश स्वतंत्र झाला आणि 1993 मध्ये त्याच गेमचा नवा अवतार आला, ‘स्कायरोड्स’. तिघांच्या कंपनीचं नाव ब्लूमून.

हा गेम शर्यतीचा, पण समोर प्रतिस्पर्धी कोणीच नाही. अंतराळात रंगीत फरशांचा रस्ता तरंगतो आणि त्यावरून यान सुसाट सुटतं. बाणांच्या कळांनी वेग वाढवायचा, डावीकडे-उजवीकडे सरकायचं. स्पेसबार दाबला की उडी. मध्येच फरशा संपतात आणि खाली काळीकुट्ट पोकळी. हिरव्या फरशांपैकी फिकी वेग देते, गडद चिकटून धरते. लाल फरशीवर टेकलं की खेळ खलास, निळीवर मात्र इंधन आणि ऑक्सिजन पुन्हा भरून मिळतो. हे दोन्ही आटत असल्याने रेंगाळण्याची सोय नाही.

खरी मेख गुरुत्वाकर्षणात आहे. प्रत्येक रस्त्यावर ते वेगळं. एका रस्त्यावर उडी लांबच लांब तरंगते, तर पुढच्यावर तीच उडी दगडासारखी खाली येते. बोटांना लागलेली सवय तिथे कामाची नाही. उडण्याच्या या गेममध्ये अवघड असतं ते टेकणं, आणि त्यातच त्याची हुशारी. एकूण दहा जगं, प्रत्येकी तीन रस्ते. तिघांतल्या ताल्लिनने पुढे 1996 मध्ये तार्तू विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली, तीही अवकाश-काल वाकवून ताऱ्यांपर्यंत पोहोचण्याच्या विषयावर प्रबंध लिहून. गेमचं वेड पुरतं उतरलं नसावं.

गेमच्या धंद्यात मात्र पैसा टिकला नाही. 1999 च्या सुमारास कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती, म्हणून तिघांनी स्वीडनच्या टेली2 कंपनीची कामं धरली. तिथून पुढे फाइल-शेअरिंगचं ‘कझा’ आणि 2003 मध्ये ‘स्काइप’. अमेरिकेतल्या नातवंडांना पुण्यातल्या आजी-आजोबांनी याच स्काइपवर डोळे भरून पाहिलं.

मे 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने स्काइप बंद केलं. ‘स्कायरोड्स’ फुकट मिळतो आणि जुने डॉस गेम चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये आजही चालतो.