वासुदेव गायतोंडे : चित्रांची स्वीकृती आणि समीक्षेची परिभाषा

साहित्यकृतीच्या स्वीकृतीचा विचार करताना कृती आणि समीक्षा या दोहोंचे माध्यम भाषाच असते. चित्राच्या बाबतीत मात्र समीक्षकाला शब्द बाहेरून आणावे लागतात, आणि ते कोठून आणले जातात यावर चित्राचा अर्थ बऱ्याच अंशी ठरतो. वासुदेव संतू गायतोंडे (१९२४–२००१) यांचे उदाहरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. त्यांनी आपल्या बहुतेक चित्रांना शीर्षके दिली नाहीत आणि स्वतःच्या कलेविषयी अत्यल्प भाष्य केले. ही रिकामी जागा समीक्षेने कशी भरली, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

नागपूर येथे जन्मलेल्या, मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील गायतोंडे यांनी १९४८ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची पदविका मिळविली. १९५० मध्ये त्यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी संबंध आला. १९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक लाभले, १९६४ मध्ये रॉकफेलर निधीच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले आणि १९७१ मध्ये ‘पद्मश्री’ने सन्मानित झाले. म्हणजे संस्थात्मक मान्यता त्यांना वयाच्या पन्नाशीपूर्वीच मिळाली होती. तरीही १९९१ मध्ये प्रीतीश नंदी यांना ‘इलस्ट्रेटेड वीकली’त त्यांच्याविषयी लिहिताना विस्मृतीत गेलेल्या श्रेष्ठ चित्रकाराची प्रतिमा वापरावीशी वाटली. मान्यता आणि वाचकवर्ग या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

ज्ञानेश्वर नाडकर्णी यांची ललित कला अकादमीने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेली इंग्रजी पुस्तिका हा या समीक्षेतील महत्त्वाचा टप्पा होय. नाडकर्णी मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत लिहिणारे समीक्षक होते. मात्र पुढील लेखनात शांतता, ध्यान, एकांत आणि झेन ही पदे वारंवार येऊ लागली. गायतोंडे यांना झेन विचाराची ओढ होती, यात शंका नाही. परंतु रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांतही त्यांना रस होता. निसर्गदत्तांची निरूपणे गिरगावच्या परिसरात मराठीत होत. इंग्रजी वाचकांपर्यंत ती १९७३ च्या ‘आय ॲम दॅट’मधून पोहोचली. ‘झेन’ या एकाच आंतरराष्ट्रीय चलनी पदाखाली हा जवळचा स्रोत झाकला जातो. एकाच चित्राभोवती दोन भाषांतील परंपरा असताना त्यांपैकी एकच दृश्यमान व्हावी, ही तौलनिक अभ्यासाने नोंद घ्यावी अशी बाब आहे.

मराठीतील स्वीकृतीचे स्वरूप निराळे आहे. सतीश नाईक यांच्या ‘चिन्ह’ने गायतोंडे यांच्याविषयी चिकाटीने साहित्य जमविले आणि २०१६ मध्ये ‘गायतोंडे’ हा ग्रंथ सिद्ध झाला. या लेखनाचा कल आठवणींकडे आहे. स्नेही आणि सहकारी यांनी माणूस जिवंत ठेवला, हे या परंपरेचे मोठे श्रेय. तिची मर्यादाही येथेच आहे : अबोल माणसाची कथा इतकी प्रभावी ठरते की चित्राकडे पाहताना त्याचा स्वभावच दिसू लागतो.

वस्तुतः चित्रे निराळीच साक्ष देतात. गायतोंडे रोलर व पॅलेट नाइफ यांनी रंगाचे थर चढवीत, काही थर खरवडून काढीत आणि कापलेल्या कागदांच्या साहाय्याने आकार उमटवीत. तेथे दिसणारी शांतता दीर्घ नियोजनाची आणि हातच्या श्रमाची निष्पत्ती आहे. स्वतःच्या कलेला ‘अमूर्त’ न म्हणता ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणण्याचा त्यांचा आग्रहही याच संदर्भात समजून घ्यावा लागतो. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात भरलेल्या सिंहावलोकनी प्रदर्शनाच्या शीर्षकात प्रक्रिया आणि जीवन ही दोन्ही पदे शेजारी ठेवलेली होती, हे लक्षणीय आहे. त्याआधी २०१३ च्या डिसेंबरात मुंबईतील लिलावात त्यांच्या एका चित्राला सुमारे २३.७ कोटी रुपये मिळाले होते. त्यामुळे चर्चेत किमतीची भाषाही शिरली, तीही चित्राबाहेरचीच.

सारांश, गायतोंडे यांच्या स्वीकृतीत अध्यात्म, आठवण आणि बाजार या तीन परिभाषा कार्यरत दिसतात. तिन्ही चित्रकाराच्या मौनावर उभ्या आहेत. रंगाच्या थरांचे काटेकोर वर्णन करू शकणारी मराठी परिभाषा समृद्ध झाल्यास, मौन आणि चित्र यांतील भेद अधिक स्पष्टपणे मांडता येईल.