जुनी बॉर्दो कशी पारखावी

रायपूरच्या चौबे कॉलनीत, महाराष्ट्र मंडळाच्या आसपासच्या मराठी घरांतली अनेक मुलं आता परदेशी असतात. कुणी सुटीला येताना फ्रान्सच्या बॉर्दो वाइनची जुनी बाटली आणतो आणि ती हॉलच्या शोकेसमध्ये दिमाखात उभी राहते. तिची नासाडी नेमकी तिथेच सुरू होते.

आधी उष्णता

वाइन मुरायला १२ ते १४ अंशांचं स्थिर तापमान लागतं. रायपुरात मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत चढतो. अशा उष्म्यात बूच वर सरकतं, वाइन पाझरते, फळाचा स्वाद शिजल्यासारखा होतो. म्हणून वीस वर्षं मुरलेली बाटली इथे आणखी मुरवायला ठेवू नये. काही आठवड्यांतच उघडावी. लेबलावर २००५ सारखं नावाजलेलं साल असलं, तरी साठवणीतली चूक ते भरून काढत नाही.

बाटली आणि बूच

वाइनची पातळी मानेपर्यंत किंवा खांद्याच्या वरच्या कडेला असावी. फार खाली गेली असेल तर आत हवा शिरली आहे. उघडण्याआधी बाटली एक दिवस उभी ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. जुनं बूच ठिसूळ असतं, ते हलक्या हाताने काढावं. मग मानेखाली उजेड धरून वाइन सावकाश दुसऱ्या भांड्यात ओतावी आणि गाळ मानेशी आला की थांबावं. फार जुनी वाइन तासन्‌तास उघडी ठेवू नये, तिचा नाजूक वास उडून जातो.

रंग

पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरा. तरुण बॉर्दो जांभळट दिसते, मुरलेली कडेला विटकरी होते. सगळीच तपकिरी आणि निस्तेज दिसली तर तिचा काळ सरलेला असतो.

वास

खरी परीक्षा इथेच. पेला न हलवता एकदा हुंगा, मग फिरवून पुन्हा हुंगा. बॉर्दोतल्या मेदोक भागाची वाइन प्रामुख्याने काबर्ने सोविन्यों द्राक्षाची. मुरल्यावर तिला देवदार, तंबाखू, चामडं यांचा वास येतो. तिथल्याच पोमरोल भागाची मेर्लोची, तिला सुकवलेल्या आलुबुखाराचा आणि ओल्या मातीचा. रायपूरच्या बाजारात पावसाळ्यात येणाऱ्या फुटूंचा, म्हणजे रानअळंब्यांचा, जो रानवट गंध असतो, तसलाच काही कधी कधी जुन्या बॉर्दोत सापडतो आणि मला तो सर्वांत आवडतो. मात्र त्यामागे थोडं तरी फळ उरलेलं हवं. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचातल्या टीसीए या रसायनाने वाइन बिघडली आहे. झोंबणारा व्हिनेगरचा वास हाही दोषच.

जिभेवर

वाइन १६ ते १८ अंशांवर प्यावी. रायपुरात त्यासाठी बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावीच लागते. तरुणपणी हिरड्या आवळणारा तुरटपणा मुरलेल्या वाइनमध्ये मऊ झालेला असतो, कारण तो देणाऱ्या टॅनिनचे कण एकमेकांना चिकटून गाळात बसतात. आंबटपणा मात्र जिवंत हवा. घोट गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते पाहा. ती लगेच विरली तर वाइन थकली आहे.

फरक कळण्यासाठी शेजारी अकलूजच्या फ्रातेल्ली या वाइनरीची 'सेत्ते' ठेवा. सांजोवेझे आणि काबर्नेच्या या नव्या वाइनमधलं ताजं फळ आणि करकरीत तुरटपणा चाखला, की जुन्या बॉर्दोत वर्षांनी काय काय बदललं ते स्पष्ट जाणवतं. सोबत मटण असेल तर तिखट बेताचंच घाला. झणझणीत रश्शापुढे जुन्या वाइनचे बारकावे जाणवत नाहीत.